एक्स्ट्रा पंधरा टक्के

दोन महिन्यांपूर्वी मी एक जाम भारी गोष्ट शिकले. गाडीचं इंजिन ट्यून करायला! पाना नाही, ग्रीस नाही, बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. लॅपटॉप, एक केबल आणि सॉफ्टवेअर. बस्स.

सुरुवात एका मित्राच्या डायलॉगने झाली. ‘अगं, तुझ्या डिझेल गाडीत कंपनीने मुद्दाम पॉवर दाबून ठेवलेली असते. सोडव तिला.’ माझी गाडी सेकंडहँड, वॉरंटी कधीच संपलेली. म्हटलं, ट्राय करायला काय जातंय?

फंडा ऐका. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. तिथे केबल लावली की गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे तिच्या मेंदूशी, बोलता येतं. त्या मेंदूत असतात ‘मॅप’. आणि मॅप दिसतो कसा? डिट्टो आपली ऑफिसातली एक्सेल शीट! आडव्या ओळीत इंजिनाचे आरपीएम, उभ्या रांगेत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते, आणि चौकटीत किती डिझेल सोडायचं तो आकडा. असे कितीतरी मॅप. टर्बोने किती हवा कोंबायची त्याचा वेगळा, टॉर्कच्या मर्यादेचा वेगळा.

आधी ओरिजिनल फाइल वाचून सेव्ह करायची. मग आकडे बदलायचे, चेकसम जुळवायचा आणि फाइल परत ईसीयूत लिहायची. लिहिताना बॅटरी डाऊन झाली तर मेंदूच बाद होऊ शकतो. खरा अभ्यास त्यानंतरचा. गाडी चालवत आकडे रेकॉर्ड करायचे आणि मागितलेलं टर्बो प्रेशर अन् मिळालेलं प्रेशर जुळतंय का ते तपासायचं. थोडं बदला, तपासा, पुन्हा थोडं बदला. मित्राने हे दहादा सांगितलं होतं. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा रविवारी सकाळी, सपाट रस्त्यावर, गाडीत मी एकटी.

त्यातला एक मॅप मला फारच बोअर वाटला होता. स्मोक लिमिटर. हवा जितकी असेल त्या हिशोबातच डिझेल द्यायचं, असं सांगणारा. मी तो पंधरा टक्क्यांनी सैल केला. टर्बोचं प्रेशरही वाढवलं. गाडी अशी काही पळायला लागली, की मी स्वतःला इंजिनीअरच समजायला लागले.

मग नवापूरला नात्यातलं लग्न आलं. परतताना मागच्या सीटवर आई-बाबा, डिकीत आहेराच्या बॅगा. विसरवाडी मागे टाकली आणि कोंडाईबारी घाट सुरू झाला. सुरत-धुळे हायवे तो, पुढे-मागे नुसते ट्रक. एका ट्रकला ओव्हरटेक करायला मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली, आरशात काळाकुट्ट धूर दिसला आणि ट्रकच्या बरोब्बर शेजारी पोचल्यावर पॉवर गायब! पिवळा दिवा लागला. पाय तळापर्यंत दाबूनही गाडी रांगत होती. मागून बसचा हॉर्न. बाबा काहीच बोलले नाहीत, आईने फक्त समोरची सीट घट्ट धरली. बसने वेग कमी केला, मी ट्रकच्या मागे आले आणि आम्ही वाचलो. त्या धुरात एक बाईकवालं जोडपं होतं, मांडीवर लहान मूल. ते खोकत पुढे गेले.

हळूहळू परत विसरवाडीला उतरलो. हायवेलगतच्या गॅरेजमधल्या काकांनी खिशातून छोटं डोंगल काढलं, मोबाइलला जोडलं आणि कोड दाखवला. पी०२३४. टर्बोचं प्रेशर मर्यादेबाहेर. इंजिन वाचवायला ईसीयूनेच पॉवर कापली होती.

‘ताई, यात कोणी हात घातला?’

‘मीच.’

ते हसले नाहीत. ‘शहरात ठीक. घाटात गाडी भरलेली असते.’ एवढंच म्हणाले.

ओरिजिनल फाइल लॅपटॉपमध्ये होती, नशीब. काकांनी माझ्या बॅटरीला दुसरी बॅटरी जोडून दिली. प्रोग्रेस बार सरकत होता तितका वेळ मी श्वास रोखून बसले होते.

घरी आल्यावर जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण गाजलं, तेही सॉफ्टवेअरचंच. टेस्ट चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती सज्जन व्हायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने चाचण्या केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. तेव्हा मीही कंपनीच्या नावाने बोटं मोडली होती. आता माझ्या एका गाडीपुरतं मी वेगळं काय केलं? शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलांना मुभा देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपयांचा दंड आणला. अपघात झालाच असता, तर इन्शुरन्सवाल्यांनी काय विचारलं असतं ते सांगायला नको.

सॉफ्टवेअर मी डिलीट केलेलं नाही. खरं सांगते, मजा येते. पण आता फक्त आकडे वाचते, बदलत नाही. आणि वाचताना कळतं की कंपनीने पॉवर ‘दाबून’ वगैरे ठेवलेली नसते. ते पंधरा टक्के भरलेल्या गाडीसाठी, चढासाठी, मेमधल्या उन्हासाठी आणि मागून येणाऱ्या बाईकसाठी राखून ठेवलेले असतात.

परवा आईने विचारलं, ‘गाडी झाली का गं पहिल्यासारखी?’

म्हटलं, ‘हो. अगदी पहिल्यासारखी स्लो.’

‘मग जाऊया कुठेतरी,’ ती म्हणाली.