दवाखान्याची पडवी

चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, कारीट फुटतं, फोव खाऊन होतात आणि चार महिने ओल धरलेल्या भिंती कोकणात एकदाच्या सुकायला लागतात. छपराची खरी तपासणी याच दिवसांत होते: कुठलं कौल फुटलं, कुठलं सरकलं. यंदाचा अंक सिंधुदुर्गातल्या जुन्या इमारतींचा आहे. किल्ले आणि देवळं पुढच्या पानांवर येतीलच. सुरुवात मात्र दवाखान्यापासून.

वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं. याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभं केलं होतं. मिरजेला रेल्वे होती. वेंगुर्ल्याला एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पावसाळ्यात समुद्रही बंद. अशा गावात डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी रुग्णसेवा केली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला.

त्या काळातल्या रुग्णालयांची बांधणी हवेभोवती फिरते. दूषित हवेमुळेच रोग होतो, असं एकोणिसाव्या शतकात युरोपातले बरेच जाणकार मानत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ मधल्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या पुस्तकाचा सगळा भर त्यावरच आहे: लांबट वॉर्ड, समोरासमोर खिडक्या, उंच छत, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा. रोगाचं कारण पुढे वेगळंच निघालं. खिडक्या मात्र उपयोगीच ठरल्या, कारण क्षयाचे जंतू कोंदट खोलीत साचतात आणि वाहत्या हवेत विरळ होतात. करोनाच्या दिवसांत हा धडा सगळ्यांनाच पुन्हा गिरवावा लागला.

कोकणात या शहाणपणाला पडवी आयती मिळाली. उतरतं छप्पर भिंतीच्या पुढे आलं की पावसाची झड पडवीतच अडते. आतली खिडकी भर आषाढातही उघडी ठेवता येते. जांभ्याची जाड भिंत ऊन लवकर आत येऊ देत नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर गवताच्या आणि नळ्याच्या छपरांवर मंगळुरी कौलं चढू लागली. कौल उलटं केलं की पोटाशी कारखान्याचा ठसा दिसतो. दोन कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते. पत्र्याला ते जमत नाही.

आणि पडवीत नातेवाईक बसतात. हे कुठल्याही नकाशात नसतं. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या मालवणी माणसाचं मोठं इस्पितळ म्हणजे परळचं केईएम. जॉर्ज विटेट यांचा आराखडा, १९२६ ची सुरुवात, जोडीला गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय. केईएमच्या लांबलचक व्हरांड्यांत गावाकडून आलेली आई चटई पसरते, डबा उशाशी ठेवते. वाऱ्यासाठी सोडलेली जागा तिने घरासारखी वापरली आहे.

तालुक्यातालुक्यांतली अशी छपरं आता उतरत आहेत. वर पत्रा येतो, पडवीला ॲल्युमिनियमच्या खिडक्या लागतात आणि बाकडं बाहेर उन्हात जातं. दुरुस्तीला या अंकाचा विरोध नाही. गळक्या वॉर्डात रुग्ण ठेवावा, असं कोण म्हणेल? पण काम काढण्याआधी मोजमापं घ्यावीत, फोटो काढावेत, पडवी उघडी राहील असा आराखडा करावा. आणि उतरवलेल्या कौलांतलं ठसा असलेलं एक तरी जपून ठेवावं.