डॉलर घसरला, मग टेम्पोवाल्याचे बिल का कापावे?

२००७ सालची गोष्ट. तुर्भे येथील आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी परदेशी चित्रपटाच्या पथकाला तीन टेम्पो भाड्याने दिले होते. भाडे रुपयांत ठरले होते, पण तोंडी. काम संपल्यावर पैसे हाती आले ते ठरल्यापेक्षा कमी. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "भाईसाहेब, डॉलर पडला. आम्हालाच कमी मिळाले, तुम्हाला कुठून देऊ?"

डॉलर पडला होता हे खरे. त्या वर्षाच्या आरंभी ४४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीस साडेएकोणचाळीस रुपयांवर आला होता. पण टेम्पोत भरलेले डिझेल रुपयांचे होते आणि ड्रायव्हरचा पगारही रुपयांचाच होता. मग डॉलरचा तोटा टेम्पोवाल्याच्या माथी का?

नवी मुंबईकरांना हा प्रश्न परका नाही. सिडकोने बांधलेली प्रशस्त रेल्वे स्थानके आणि रुंद रस्ते यांमुळे चित्रीकरणाची पथके येथे वरचेवर येतात. त्यांना लागणारी वाहने, जेवण, मंडप, सुतारकाम पुरविणाऱ्यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून चित्रपटाच्या अंदाजपत्रकात परकीय चलनाचा हिशोब कसा ठेवतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आजचा मोठा चित्रपट एका चलनात तयार होत नाही. २०२० साली आलेल्या 'एक्स्ट्रॅक्शन' या अमेरिकन चित्रपटाचे चित्रीकरण अहमदाबाद, मुंबई आणि थायलंड येथे झाले. अशा चित्रपटाचा पैसा डॉलरचा, पण खर्च कुठे रुपयांत तर कुठे बाहतमध्ये. उलट आपला निर्माता दुबई-अबुधाबीला जातो तेव्हा पैसा रुपयांचा आणि खर्च दिरहमचा.

यासाठी 'मूव्ही मॅजिक बजेटिंग'सारखी सॉफ्टवेअर वापरली जातात. त्यांची रीत साधी आहे. एक मूळ चलन ठरवायचे, बाकीच्या चलनांचे भाव एका तक्त्यात लिहायचे आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे तिचे चलन नोंदवायचे. मग हॉटेल दिरहममध्ये असो वा टेम्पो रुपयांत, एकूण बेरीज मूळ चलनात मिळते. तक्त्यातला एक भाव बदलला की सगळी बेरीज बदलते.

सोय मोठी आहे, पण धोकाही तिथेच आहे. कोणता भाव धरायचा हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. २०१३ सालचेच पाहा. मेच्या आरंभी डॉलर ५४ रुपयांच्या जवळपास होता, तो २८ ऑगस्टला ६८ रुपये ८० पैशांच्या घरात गेला. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने तोही १४ रुपये ७० पैशांवरून १८ रुपये ७० पैशांपर्यंत चढला. दुबईत पाच लाख दिरहम खर्च करावयाचे असतील, तर मे महिन्यात ७३ लाख ५० हजार रुपये पुरले असते. ऑगस्टअखेर त्याच कामाला ९३ लाख ५० हजार लागले असते. वीस लाखांचा फरक, तोही एक दिवस जास्त चित्रीकरण न करता!

आखातात कमावून घरी पैसे पाठविणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. वर्तमानपत्रात छापलेला भाव वेगळा आणि एक्स्चेंजच्या खिडकीवर मिळणारा वेगळा, हे आपल्या घरातील बायकांनाही ठाऊक असते. जुन्या पिढीला तर हेही आठवेल की, एके काळी आखातात आपलाच रुपया चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून त्यासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि बहुतेक अमिरातींनी तो सोडून दिला.

आमचे म्हणणे असे की, अंदाजपत्रकात तीन गोष्टी सक्तीच्या असाव्यात. पहिली, धरलेला भाव तारखेसह लिहावा आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर त्याला हात लावू नये. दुसरी, प्रत्यक्ष पैसे भरले त्या दिवशीचा बँकेचा भाव वेगळा नोंदवावा. तिसरी, या दोहोंतील फरक स्वतंत्र खात्यात दाखवावा. तो आकस्मिक खर्चाच्या रकमेत लपवू नये आणि कोणाच्या बिलातून तर मुळीच कापू नये. सरकारी सवलतीलाही हाच नियम लावावा. केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये परदेशी चित्रपटांना येथील खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला, कमाल मर्यादा ३० कोटी रुपये. पण तो खर्च झाल्यानंतर आणि रुपयांत मिळतो. तोपर्यंत डॉलर कुठे असेल, कोण सांगणार?

भाव आगाऊ बांधून घेण्याची सोय बँकांत असते. परंतु चलनाची अदलाबदल हातोहात व्हावी, असे बहुतेक उलेमांचे मत असल्याने असा करार करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे. निर्धोक मार्ग असा की, ज्या चलनात खर्च त्याच चलनात पैसे घ्यावेत. दिरहमची उचल दिरहमच्या खर्चाला, रुपयांची रुपयांच्या.

आणि पुरवठादारांनो, तुम्ही तुमच्यापुरते एवढे करा. काम घेताना कागदावर लिहून घ्या: रक्कम रुपयांत, अमुक तारखेपर्यंत, डॉलरच्या चढउताराशी संबंध नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण ती आयत पढतो आणि धंदा मात्र तोंडी करतो!

वाशी-पनवेलच्या महाविद्यालयांतून दरवर्षी वाणिज्य शाखेचे पदवीधर बाहेर पडतात. टॅली त्यांना येतेच. तिच्यात परकीय चलनाचे तारीखवार भाव आणि त्यातला नफा-तोटा नोंदविण्याची सोय आहे. तेवढ्यावर न थांबता चित्रपटाचा हिशोब शिकावा, त्यात प्रामाणिक माणसाला काम आहे. हिशोब ही अमानत आहे. ती सांभाळणारा माणूस आपला असेल, तर टेम्पोवाल्याला पुन्हा कोणी डॉलरचा भाव सांगणार नाही, इन्शाअल्लाह.