तव्यावरचे व्यसन

तव्यावर तंबाखू काळा पडेपर्यंत भाजून, कुटून केलेली मशेरी ‘दात घासण्याचे साधन’ म्हणून अनेक घरांत निर्धास्तपणे नांदते. विडीचा तिटकारा असलेली गृहिणीही सकाळी ती हिरड्यांना लावते; पुढे दिवसातून चार वेळा लावल्यावाचून तिचे डोके दुखते, कामात मन लागत नाही. ही दातांची गरज नव्हे. हिरड्यांवाटे रक्तात उतरणाऱ्या निकोटीनची मागणी आहे. त्यातून मुखकर्करोगाचा धोका वाढतो. गर्भवतीने मशेरी लावल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते.

२०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर मात्र कायद्याचा पहारा नसतो. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. आई-आजीला न हिणवता तो क्रमांक आपणच लावून द्यावा.