मण्यारीची साक्ष



परवा आमच्या शाळेमागच्या लाकडांच्या ढिगात साप निघाला. चांगला सहा फुटांचा. सगळी शाळा पटांगणात गोळा. शेजारच्या गावातल्या सर्पमित्राला फोन केला, तो आला, त्याने सापाला अलगद उचललं आणि म्हणाला, "धामण आहे. विष नसतं हिला." तेवढ्यात तिसरीतला एक पठ्ठ्या पुढे सरसावला. "सर, धामण म्हणजे नागाची बायको ना?"

सगळे हसले, पण ही समजूत गावोगावी आहे बरं का! सर्पमित्राने समजावून सांगितलं, की नागाची मादी नागच असते आणि धामणीतही नर असतात. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला, "मग हा नर आहे की मादी?" तो म्हणाला, "ते नुसतं बघून सांगणं अवघड आहे."

हाच प्रश्न एक माणूस वीसेक वर्षं सापांना विचारत होता. आणि सापांनी दिलेल्या उत्तरातून पुढे माणसांची ओळख पटवायची युक्ती सापडली. तुम्ही म्हणाल, सर थापा मारताहेत. मग ऐकाच.

त्यांचं नाव लालजी सिंग. जन्म ५ जुलै १९४७, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी. गाव कलवारी, उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातलं. घरी शेती. गावात शाळा आठवीपर्यंतच, म्हणून पुढचं शिक्षण सहा-सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात. तिथून १९६२ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात आले. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, सुवर्णपदक मिळालं आणि मग पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला साप! सापांच्या पेशींमधली गुणसूत्रं.

आता हे गुणसूत्र म्हणजे काय? आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये दोऱ्याच्या गुंडीसारख्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. या गुंडीतला धागा म्हणजे डीएनए. त्यावर आपल्या शरीराची सगळी माहिती लिहिलेली असते, आणि तीसुद्धा फक्त चार अक्षरांत: ए, टी, जी आणि सी. आपली मराठी बाराखडी पाठ करताना तुम्हाला घाम फुटतो, इथे चारच अक्षरांत काम भागतं.

तर, सापांकडे वळू. माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांच्या एका जोडीवर ठरतं. मुलींमध्ये ती जोडी सारखी असते, मुलांमध्ये वेगवेगळी. सापांत बहुधा उलटं. नराची जोडी सारखी, मादीची वेगळी. त्यातही गंमत अशी, की अजगरासारख्या सापांत मादीची जोडीही दिसायला सारखीच असते, पण मण्यारीसारख्या विषारी सापांत मादीचं एक गुणसूत्र अगदी वेगळंच दिसतं. असं का झालं असावं? लालजी सिंगांना या प्रश्नाने झपाटलं. १९७१ साली पीएच.डी. झाली, पण प्रश्न काही सुटला नव्हता.

"सापाची गुणसूत्रं मोजून मिळणार काय?" असं तुम्ही-आम्ही सहज विचारलं असतं. मीही विचारलं असतं, खोटं कशाला बोलू! घराला हातभार लावायचा सोडून पोरगा साप तपासत बसलाय, असं गावाकडे कोणालाही वाटलं असतं.

१९७४ साली शिष्यवृत्तीवर ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी गेले. तिथे केनेथ जोन्स या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीचा डीएनए घेतला आणि त्यातला एक छोटासा भाग वेगळा काढला. त्याला नाव दिलं 'बीकेएम'. या भागात जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए अशी तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. म्हणजे वर्गात शिक्षा म्हणून एकच शब्द पानभर लिहून काढतात ना, तस्सं! आपण सोयीसाठी त्या शब्दाला 'गाटा' म्हणू. गाटा गाटा गाटा गाटा...

मग हा मण्यारीचा तुकडा त्यांनी इतर प्राण्यांच्या डीएनएशी जुळवून पाहिला. उंदरात गाटा सापडला, पक्ष्यांत सापडला आणि माणसातही सापडला!

आता जरा वेगळीकडे जाऊ. इंग्लंडमध्ये लेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये एका एक्स-रे फिल्मवर विलक्षण गोष्ट दिसली. डीएनएमध्ये अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या मजकुराच्या जागा असतात, पण तो मजकूर किती वेळा येतो, ते माणसागणिक बदलतं. कोणाकडे एका जागी सात वेळा, कोणाकडे बारा वेळा. अशा पुष्कळ जागा एकदम पाहिल्या, तर फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी उमटते, आणि दोन माणसांची शिडी सारखी नसते. (जुळी भावंडं अगदी एकसारखी असतील, तर मात्र या शिडीवरून ती ओळखता येत नाहीत!) बोटांच्या ठशांसारखीच ही खूण, म्हणून जेफ्रीजनी तिला नाव दिलं डीएनए फिंगरप्रिंट.

लगेच १९८६ मध्ये पोलीस त्यांच्याकडे आले. लेस्टरजवळच्या गावांत तीन वर्षांच्या अंतराने दोन मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने चौकशीत एका खुनाची कबुलीही दिली होती. पोलिसांना वाटलं, दुसराही याचाच. जेफ्रीजनी तपासलं तर काय! दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हताच. मुलगा सुटला. खरा गुन्हेगार १९८७ मध्ये सापडला आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने आधी निर्दोष माणसाला सोडवलं आणि मग दोषीला पकडलं. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. चौकशीत घाबरून केलेली कबुलीही खोटी असू शकते, हे त्या मुलाकडे पाहून कळतं.

इकडे लालजी सिंग १९८७ मध्ये भारतात परतले आणि हैदराबादच्या 'सीसीएमबी' या प्रयोगशाळेत रुजू झाले. जेफ्रीजची पद्धत होती, पण तिच्यावर पेटंट होतं. इंग्लंडच्या कंपनीकडे हात पसरायचे? लालजींच्या हाताशी आपली मण्यार होती! त्यांनी बीकेएमचा तुकडा किरणोत्सारी करून माणसाच्या डीएनएवर सोडला. जिथे जिथे गाटा होता, तिथे तिथे तो जाऊन चिकटला. वर एक्स-रे फिल्म ठेवली. काही दिवसांनी फिल्म धुतली तर काळ्या पट्ट्यांची शिडी, आणि प्रत्येक माणसाची निराळी! १९८८ साली भारताला स्वतःची पद्धत मिळाली.

पण प्रयोगशाळेत शिडी दिसणं वेगळं आणि कोर्टात ती पटणं वेगळं. वकील विचारणारच, "हे काळे पट्टे म्हणजे काय? यावर विश्वास का ठेवायचा?"

केरळात थलश्शेरी नावाचं गाव आहे. तिथे एका आईने कोर्टात सांगितलं, की अमुक माणूस माझ्या मुलाचा बाप आहे, त्याने मुलाच्या पोटापाण्याचा खर्च द्यावा. तो म्हणाला, हे मूल माझं नाहीच. आता खरं कोण? आई, मूल आणि तो माणूस, तिघांचं रक्त हैदराबादला गेलं. हिशेब सरळ असतो. मुलाच्या शिडीतले जे पट्टे आईच्या शिडीशी जुळतात, ते बाजूला काढायचे. उरलेला प्रत्येक पट्टा बापाकडूनच यायला हवा. ते पट्टे त्या माणसाच्या शिडीत निघाले. कोर्टाने हा पुरावा मानला आणि १९९१ साली केरळ उच्च न्यायालयानेही तो योग्य ठरवला. डीएनए चाचणीवरून निकाल लागलेलं हे भारतातलं पहिलं प्रकरण मानलं जातं. मोठी माणसं भांडत होती, साक्षीदार आपापलं सांगत होते, आणि ज्याला कोणीच काही विचारलं नव्हतं, त्या मुलाच्या रक्तानेच काय ते सांगून टाकलं.

त्यानंतर कामाचा ओघ सुरू झाला. राजीव गांधींच्या १९९१ मधल्या हत्येच्या तपासातही ही चाचणी वापरली गेली. हैदराबादला या कामासाठी वेगळं केंद्र निघालं. लालजी सिंग १९९८ पासून २००९ पर्यंत सीसीएमबीचे संचालक होते. रानटी जनावरांसाठी त्यांनी 'लॅकोन्स' ही प्रयोगशाळा सुरू केली. शिकारी म्हणतो, "साहेब, बकऱ्याचं मटण आहे," पण मटणाच्या तुकड्यातला डीएनए सांगतो, की हे हरीण होतं!

२०११ मध्ये ते आपल्याच जुन्या बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पगार घेत किती? फक्त एक रुपया. १० डिसेंबर २०१७ रोजी वाराणसीतच त्यांचं निधन झालं.

आता रक्त पुष्कळ लागत नाही आणि फिल्मची वाटही पाहावी लागत नाही. केसाच्या मुळाएवढा नमुनाही पुरतो, यंत्र थेट आकडे छापून देतं. पण मोजायचं काय? तर चार-चार अक्षरांचे पुन्हा पुन्हा येणारे शब्द, आणि त्यांतल्या काही जागी आपला गाटाच!

चला, आता तुम्ही तपास अधिकारी व्हा. जत्रेत एक बाळ सापडलंय. डीएनएच्या एका जागी त्याच्याकडे गाटा ९ वेळा आणि १२ वेळा आहे. तीन जोडपी म्हणतात, बाळ आमचंच.

पहिलं जोडपं: आई ९ आणि १०, वडील ७ आणि ८.
दुसरं जोडपं: आई ६ आणि ९, वडील १२ आणि १५.
तिसरं जोडपं: आई ९ आणि १२, वडील ५ आणि ६.

बाळ कोणाचं असू शकेल? तिसऱ्या जोडप्याकडे नीट बघा हं, तिथे घाई केलीत तर फसाल. आणि खऱ्या प्रयोगशाळेत एका जागेवर निकाल न देता अनेक जागा का तपासतात, तेही सुचतंय का बघा. दोन्ही उत्तरं कारणासकट लिहून पाठवा. पुढच्या अंकात भेटूच!