मीटर दुरुस्त केला, आकडा नाही



यंदाच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा मीटर रुसला. बेळगावच्या खड्ड्यांत वेगाचा काटा शून्यावर पडायचा आणि डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा उठायचा. गॅरेजवाल्याने नवा मीटर घालायला सांगितले. मी आर्ट्सचा पदवीधर. पण थापेने चालणाऱ्या वस्तूचा सांधा सैल असतो, एवढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वडिलांकडून शिकलो होतो.

शनिवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, स्क्रू काढले, मीटर बाहेर घेतला. भिंगातून पाहिले, तर कनेक्टरच्या दोन पिनांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर. जुने सोल्डर वितळवून नवे भरले. काट्यांना हात लावला नाही. ते छोट्या मोटरींवर बसलेले असतात, उपटले तर जागा चुकते. तासाभरात काटा सरळ झाला.

खरी परीक्षा पुढे होती. मुलीच्या फीसाठी गाडी विकायची होती. एजंट म्हणाला, "सर, मीटर खोलता येतो ना तुम्हाला? मग १,१८,००० चे ६०,००० करून आणा. ४०,००० रुपये जास्त येतील. सगळेच करतात." किलोमीटरचा आकडा मीटरमधल्या नखाएवढ्या चिपमध्ये असतो, आणि तो बदलून देणारेही भेटतात. मी दोन दिवस हो-नाही करत होतो, हे कबूल करतो.

मग वर्गातल्या मुलांना आठवी आज्ञा शिकवताना जीभ अडखळली. किलोमीटरचा आकडा ही गाडीची साक्षच. नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय खोट्या तराजूपासून सुरू होतो. आजचा तराजू हा मीटर आहे. शिवाय यात नुसते पैसे जात नाहीत. अनेक गाड्यांचा टायमिंग बेल्ट किलोमीटर मोजून बदलतात. खोट्या आकड्यावर विसंबणाऱ्याचा बेल्ट भर रस्त्यात तुटला, तर इंजिन जाते आणि जिवावरही बेतू शकते.

माझे स्पष्ट मत आहे: व्यवहारातल्या अशा लबाडीला आपण हुशारी म्हणतो, म्हणून पापनिवेदनात ती कधी येत नाही. ती यायला हवी.

चावी फिरवली की मीटरचे इशारा देणारे दिवे क्षणभर लागतात. ती त्यांची हजेरी. दोष लपवण्यासाठी काही विक्रेते दिवाच काढतात. जुनी गाडी घेताना ही हजेरी जरूर पाहा. आणि रात्री झोपण्याआधी स्वतःचीही घ्या. सद्सद्विवेकाचा दिवा लागत नसेल, तर सगळे ठीक आहे असे समजू नका; कदाचित तो आपणच काढला असेल.

गाडी खऱ्या आकड्यानिशी, कमी किमतीत गेली. उरलेली फी हप्त्यांनी भरतो आहे. झोप मात्र पूर्ण लागते.

प्रभू, आमचे माप खरे ठेव. आमेन.