मातीची उधारी

'सामाजिक उद्योजकता' हा शब्द कानावर आला की मी जरा सावध होतो. पाकिटावर हसऱ्या आदिवासी बाईचा फोटो, आत नेहमीचीच कॉफी आणि किंमत दुप्पट... असंही पाहण्यात येतं. पण म्हणून सगळ्यांनाच एका माळेत ओवणं बरोबर नाही.

आंध्रातली अराकू दरी घ्या. पूर्व घाटातला डोंगराळ मुलूख, आदिवासींच्या लहान लहान बागा. पूर्वी इथे जंगल तोडून, जाळून फिरती 'पोडू' शेती चालायची. आता अनेक उतारांवर सावलीतली कॉफी आहे. वर सिल्व्हर ओक, त्यावर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची झुडपं. हैदराबादची 'नांदी फाउंडेशन' इथल्या शेतकऱ्यांबरोबर काम करते. शेण-पालापाचोळ्याचं कंपोस्ट, फक्त पिकलेल्या लाल फळांची तोडणी, शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आणि २०१७ मध्ये चक्क पॅरिसमध्ये दुकान! २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पॅरिसचं कौतुक आहेच, पण खरी गोष्ट मातीची आहे. उतारावरची माती पावसात वाहून जाते आणि पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात. कॉफीचं रोप फळ द्यायलाच तीन-चार वर्षं घेतं. म्हणजे खताचा खड्डा आज भरायचा आणि फायदा कधीतरी पुढे. बरं, अरेबिकाचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारात. २००१ च्या सुमारास तो इतका कोसळला की मध्य अमेरिकेत कित्येकांनी बागाच सोडून दिल्या. हातात पैसा नसला की शेतकरी आधी खत आणि छाटणीवरचाच खर्च कमी करतो. करणार काय बिचारा? अशा वेळी त्याला सेंद्रिय शेतीवर व्याख्यान देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं.

म्हणून मला वाटतं, प्रशिक्षण, प्रमाणपत्रं वगैरे ठीक आहे, पण अशा उद्योगाची परीक्षा दोनच प्रश्नांत होते. बाजार पडलेल्या वर्षी तो शेतकऱ्याला परवडेल असा भाव देतो का? आणि दुसरीकडे चांगला भाव मिळाला तर शेतकऱ्याला तिकडे माल विकायची मोकळीक आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते नुसतं दुकान. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर तो गोड बोलणारा सावकार.

महाग कॉफी विकत घ्यायला माझी ना नाही. त्या जादा पैशातून थोडी माती जागेवर राहिली, एवढंच बघायचं.