इमारतीला पैसा आहे, माणसाला नाही!

नव्या अग्निशामक केंद्राच्या कोनशिलेवर नाव कोणाचे कोरावे याविषयी सत्ताधारी पक्षांत जेवढी चढाओढ लागते, तिच्या शतांशही आस्था त्या केंद्रातला बंब रात्री दोन वाजता हाकणार कोण, याविषयी दिसत नाही. इमारत उभी राहते, तांबड्या रंगाची नवी वाहने येतात, मंत्र्यांच्या हस्ते नारळ फुटतो. आणि मग पदनिर्मितीचा प्रस्ताव नगरविकास खात्याच्या टेबलावरून वित्त खात्याच्या टेबलावर व तेथून त्रुटी काढून परत, असा प्रवास करीत राहतो. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या सभागृहांत या प्रश्नावर जी खडाजंगी होते तिला ‘निधीचा वाद’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या मोठ्या सोयीचा आहे.

निधी मुळीच नाही असे नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्यासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना 2023 मध्ये जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा 25 टक्के वाटा उचलावयाचा, बाकीचा केंद्राने. यातून केंद्रे बांधता येतील, वाहने व सामग्री घेता येईल. पण शिपायाचा पगार दर महिन्याला कोणी द्यावयाचा? ते ओझे राज्यावर, आणि राज्याच्या मेहेरबानीने नगरपालिकेवर! 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांच्या नावे लिहिला. कर्तव्य खाली उतरले, तिजोरीची किल्ली मात्र वरच राहिली.

माणसे किती लागतात याचा हिशेब कोणत्याही कार्यकर्त्याने पाटीवर मांडून पाहावा. एका बंबावर नायक, चालक व चार शिपाई अशी सहा माणसे धरली, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांना अठरा लागतात. आठवड्याची सुटी धरली की ती एकवीस होतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण धरले की चोवीसच्या आसपास जातात. हे एका बंबाचे झाले. केंद्रात दोन बंब, एक पाण्याचा टँकर आणि एक शिडी ठेवावयाची तर आकडा कोठे जातो ते सांगावयास नको. मंजूर होतात त्याहून कितीतरी कमी, आणि मंजुरीपैकी भरली जातात त्याहून कमी. मग आठ तासांची पाळी बारा तासांची होते, बाराची चोवीसची होते, आणि बंबावर सहाऐवजी तिघे चढतात. धुराने भरलेल्या जिन्यात शिरणाऱ्या दोघांच्या मागे नळी सांभाळणारा व बाहेर दोर धरणारा कोणी नसणे याचा अर्थ सचिवालयातील टिपणीत उमटत नाही.

नगरपालिकेने भरती करू म्हटले की तिच्या तोंडावर आस्थापना खर्चाची 35 टक्क्यांची मर्यादा फेकली जाते. उत्पन्नाच्या इतक्या हिश्श्याहून अधिक पैसा पगारावर जाता कामा नये, हा दंडक दिसावयास शिस्तीचा आहे. परंतु ते उत्पन्न आटविले कोणी? नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली. महानगरपालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही 1 ऑगस्ट 2015 पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना माफ झाला. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकातही संपली. व्यापारी प्रसन्न झाले आणि नगरपालिका अनुदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या. ज्याने विहिरीचे झरे बुजविले तोच आता पोहऱ्यात पाणी कमी का, असे विचारीत आहे! बरे, जेथे पाणी तुडुंब आहे तेथे तरी काय दिसते? मुंबई महानगरपालिकेच्या ठेवी 2022 मध्ये 90,000 कोटी रुपयांच्या वर होत्या. त्या शहरात माणूस नेमावयास पैसा नाही हे कोणी ऐकून घ्यावे?

मग येते कंत्राटाची युक्ती. ‘केंद्र चालू तर करू, माणसे ठेकेदाराकडून घेऊ’ असे व्यवहारी थाटात सांगितले जाते, आणि दुर्दैवाने काही पुरोगामी नगरसेवकही माना डोलावतात. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक साधी कसोटी घालून दिली होती: काम बारमाही स्वरूपाचे आहे काय? तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विरघळला असला तरी प्रश्न विरघळलेला नाही. आगीहून बारमाही काय असते? सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आलेला शिपाई आपल्या विभागातील गल्ल्या, चाळींचे लाकडी जिने आणि पाण्याच्या टाक्या ओळखू लागतो त्याला वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर हे ज्ञान कसे जमा व्हावे? आणि ठेकेदाराच्या माणसाला जळता स्लॅब लागला तर कुटुंबाने निवृत्तिवेतन मागावयाचे कोणाकडे?

9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात अर्भके आगीत दगावली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 आणि पुन्हा 23 मे 2024 रोजी स्फोट होऊन कामगार मेले. प्रत्येक वेळी चौकशी समिती, प्रत्येक वेळी मदतनिधी. मुंबईत काळबादेवीला 9 मे 2015 रोजी लागलेल्या आगीने मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले. त्या दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात; पुष्पचक्रे वाहतात, बिगूल वाजतो. तोच बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मदिन, आणि योगायोग असा की स्फोट झाला त्या वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. 1946 च्या कारखाना कायदा दुरुस्तीने कामाचा आठवडा 48 तासांवर आणला, त्यामागे त्यांचीच खटपट होती. सकाळी त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे पुढारी चोवीस तासांच्या पाळीवर उभ्या असलेल्या जवानांची सलामी दुपारी घेतात, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी नगरपालिकेकडे चार आकडे लेखी मागावेत: अग्निशामक दलात मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी कंत्राटी किती, आणि 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली इमारतींकडून वसूल केलेले शुल्क गेले कोठे. शासनाकडे मागणी अशी असावी की, नव्या केंद्राच्या बांधकामाच्या आदेशातच त्याच्या पदांची मंजुरी असावी, आणि अग्निशामक दलाचा पगार 35 टक्क्यांच्या हिशेबातून वगळावा. तोपर्यंत अपुऱ्या मनुष्यबळावर होणाऱ्या उद्घाटनाच्या मांडवात पक्षाच्या नगरसेवकांनी बसू नये.